हात मोडला, पोट अडलं

"बाई, तुम्हाला जुलाब झालेले नाहीत. तुम्हाला बद्धकोष्ठता आहे."

खामगावच्या त्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, यांच्या हातात दुसऱ्याच कोणाचा एक्स-रे आलाय. माझी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवण्यात गेली. चुकलेलं उत्तर मला लांबून ओळखू येतं. हे उत्तर मला शंभर टक्के चुकलेलं वाटलं.

"मॅडम, पातळ होतं मला," मी पुन्हा सांगितलं. "दिवसभर होतं. कपडे खराब होतात आणि मला कळतही नाही."

त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि पेनाच्या टोकाने दाखवला. "हे सगळं भरलेलं दिसतंय ना, हा मळ आहे. आणि खाली तो सुकून घट्ट अडकलाय. याला 'फीकल इम्पॅक्शन' म्हणतात, म्हणजे वाळलेल्या मळाचा गोळा गुदद्वाराच्या वर बसणं. तो हलत नाही. पण त्याच्या वरचा पातळ भाग बाजूने झिरपून बाहेर येतो. त्याला 'ओव्हरफ्लो' म्हणतात. नालीत कचरा अडकला तरी कडेने पाणी वाहतंच की."

 लेक संगीता शेजारी उभी होती, तीही वाकून एक्स-रे बघत होती. मग मी मला हवा होता तो एकच प्रश्न विचारला. "म्हणजे हे म्हातारपणामुळे नाही?"

"पासष्टी म्हणजे काय म्हातारपण? तुमचा ताबा गेलेला नाही. जागा मोकळी झाली की परत येईल."

त्या वाक्याची किंमत डॉक्टरीणबाईंना ठाऊक नव्हती. त्या वाक्यावर माझं घर टांगलेलं होतं.

हे सगळं लिहायला मला लाज वाटली नाही असं नाही. पोटदुखी, गुडघेदुखी, बीपी यावर आपण लग्नाच्या पंगतीतसुद्धा बोलतो. या एका गोष्टीवर मात्र सख्ख्या लेकीशीही बोलत नाही. मी बोलले नाही म्हणून काय झालं, ते सांगते. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

चिखलीजवळच्या उंद्रीला माझं स्वतःचं घर आहे. नवरा गेल्यावर पगारातून एकेक खोली करत बांधलेलं. मुलगा प्रशांत पुण्यात असतो, लेक खामगावात दिलेली. मी एकटी राहते आणि मला ते आवडतं. दर रविवारी विहारात वंदना मीच म्हणवून घेते, माझ्या आवाजाशिवाय बायांचा सूर लागत नाही असा माझा समज आहे. तर या घराच्या अंगणात कपडे वाळू घालताना शेवाळावरून पाय घसरला आणि मी डाव्या हातावर पडले. मनगट मोडलं. चिखलीला प्लास्टर घातलं आणि लेक येऊन मला खामगावला घेऊन गेली.

"उजवा हात वाचला, नशीब म्हणायचं," जो तो म्हणाला. जेवता येईल, सही करता येईल. डावा हात कशाला लागतो याचा विचार कोणी केला नाही. मी मात्र पहिल्याच सकाळी केला.

वर्गात दर सोमवारी पोरांची नखं तपासताना मी त्यांना सांगत आले: उजवा हात जेवायचा, डावा हात धुवायचा. पिढ्यान्‌पिढ्यांना हेच शिकवलं. आता डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. ज्या हाताने भाकर मोडायची, त्याच हाताने ते करायचं? साबणाने हात स्वच्छ होतो, हे मला कळत नव्हतं का? पोरांना तेही मीच शिकवलं. पण कळतं आणि वळत नाही, त्यातला प्रकार. पहिल्या दिवशी कसंबसं केलं आणि दुपारी जेवायला बसले तर घास घशाखाली उतरेना.

संगीताच्या लक्षात आलं असावं. म्हणाली, "आई, मी धुवून देईन ना व. तू मले नाई धुतलं काय लहानपनी?"

"मले जमते," मी म्हटलं. "तू तुह्यं काम कर."

दुसरी अडचण व्याह्यांची. संगीताचे सासरे इथल्या तेल गिरणीत फिटर होते, आता निवृत्त. माणूस सज्जन, बोलणं कमी. रोज सकाळी संडासाच्या दाराला लागूनच खुर्ची टाकून ते पेपर वाचत बसायचे. घर लहान, संडासाचं दार पुढच्या खोलीत उघडणारं. विहीणबाईने व्याह्यासमोरून आत जायचं, आत काय काय आवाज होतात ते त्यांनी ऐकायचं, आणि मग पुन्हा त्यांच्यासमोरून बाहेर यायचं! घरचीच मोरी आणि मुतायची चोरी, असं म्हणतात. माझी तर मोरीसुद्धा घरची नव्हती.

तेव्हा मी हुशारी केली. खाल्लंच नाही तर जावं लागणार नाही. भाकरी अर्धी केली, भाजी नुसती चाखायची, पाणी गोळी गिळण्यापुरतं. कळ आली तरी, ते पेपर ठेवून उठतील मग जाऊ, म्हणून दाबून धरायची. ते उठेपर्यंत कळ निघून गेलेली असायची. ही दाबलेली कळ लवकर परत येत नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

वर गोळ्या होत्या. हाताच्या दुखण्यासाठी 'ट्रामाडॉल' हे औषध असलेली गोळी होती. ती दुखणं थांबवते, पण सोबत आतड्यांनाही सुस्त करते. रक्त कमी म्हणून लोहाची गोळी, तीही मळ घट्ट करते. आणि दिवसभर मी खाटेवर. उंद्रीत विहिरीपासून विहारापर्यंत फिरणारी बाई, इथे कुशी बदलत पडलेली.

पोट फुगलं, गच्च झालं. शेजारणीने इसबगोल सांगितला. तो मी चमचाभर घेतला आणि वर घोटभर पाणी प्याले. इसबगोल पाणी पिऊन फुगतो, मग पाणी नसेल तर तो आत काय करणार? आधीच गर्दी झालेल्या गाडीत आणखी चार पोती चढवल्यासारखं झालं.

आणि मग एके दिवशी पातळ सुरू झालं. मला वाटलं, चला, सुटले एकदाची. पण ते थांबेचना. खाटेवरून उठेपर्यंत लुगडं खराब. संगीता चादरी धुवायची आणि एक शब्द बोलायची नाही. तिचं ते न बोलणं मला फार लागायचं. जावयाने मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणली. मी ती घेतली. दहीभात, केळी, साबुदाण्याची पेज, सगळं बांधणारं खाल्लं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आत दगड बसलेला आणि आम्ही वरून आणखी सिमेंट ओतत होतो.

हे सगळं प्रशांतला फोनवर कळत होतं. एका दुपारी त्याने मला फोनवर घेतलं. पुण्यात राहून त्याची बोली बदललीय, पण माया तीच. "आई, आता तुझं एकटीनं राहणं बंद. वय झालं की असं होतं, त्यात तुझा काय दोष? महिनाअखेरीला येतो आणि तुला पुण्याला नेतो. उंद्रीच्या शाळेत नवीन गुरुजी आलेत, ते घर शोधताहेत. त्यांना आपलं घर देऊन टाकू."

मी "बरं" म्हटलं. रोजच्या बोलण्यात मी एवढ्या सहज बरं म्हणणारी बाई नाही. पण अंथरूण खराब करणाऱ्या माणसाने कोणत्या तोंडाने भांडायचं? फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला मरणाची भीती वाटली नाही. माझं घर, माझी खोली, माझी रविवारची वंदना, हे सगळं एका घाण चादरीत बांधून फेकलं जातंय, याची वाटली.

त्यानंतर मळमळ सुरू झाली, पोटात कळा यायला लागल्या. तेव्हा संगीताने माझं काही न ऐकता दवाखाना गाठला.

बाहेरच्या बाकावर बसलो होतो तेव्हाही मी तिला सांगत होते, "गॅस झाला असंन, दुसरं काय." डॉक्टरीणबाईंनी विचारायला सुरुवात केली तर मी ताकाला जाऊन भांडं लपवत होते. त्यांनी विचारलं, नीट बांधून शेवटचं कधी झालं होतं? मी म्हटलं, आठवत नाही. पाणी किती पिता? पिते की. मग त्यांनी माझ्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या आणि एकेक पाकीट वाचलं. जुलाब थांबवायच्या गोळीशी त्यांचा हात थांबला. पोट दाबून पाहिलं, मला कुशीवर झोपवून हातमोजा घालून बोटाने तपासलं, एक्स-रे काढला. मग ते पहिलं वाक्य.

त्यानंतर त्यांनी विचारलं, "पण बाई, एवढी वेळ का आली? पाणी का तोडलं होतं?"

मी प्लास्टर पदराखाली ओढलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, मग त्यांनी माझ्या प्लास्टरकडे बघितलं. आवाज खाली करून म्हणाल्या, "धुवायची अडचण होती का?"

मला रडू कोसळलं. इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. संगीता जवळ आली, माझं डोकं तिने पोटाशी धरलं आणि म्हणाली, "अवं माय, एवढ्यासाठी उपाशी राह्यली तू?"

दोन दिवस दाखल व्हावं लागलं. एनिमा दिला, म्हणजे नळीने गुदद्वारातून औषधी पाणी आत सोडलं. तेवढ्याने भागलं नाही, तेव्हा त्यांनी औषध लावून तो गोळा बोटाने थोडा थोडा मोकळा केला. दुखलं. लाजही वाटली. पण दवाखान्याच्या दारात चपला काढतो तिथेच लाजही काढून ठेवावी, या मतावर मी आता आले आहे. मोकळं झाल्यावर जे सुख मिळालं ते मी कुठल्या शब्दांत सांगू? निवृत्तीच्या दिवशी हार घातले होते तेव्हाही मी एवढी सुखावले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फेरीला आल्यावर डॉक्टरीणबाई माझ्या खाटेवर टेकल्या आणि पोट साफ करणाऱ्या औषधांबद्दल, म्हणजे 'लॅक्झेटिव्ह'बद्दल, त्यांनी माझा वर्गच घेतला. मी चांगली विद्यार्थिनी आहे, म्हणून तो इथे उतरवते. मात्र प्रत्येकाचं पोट वेगळं, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझं ऐकू नका.

इसबगोल हा मळाचा आकार वाढवणारा प्रकार. चांगला आहे, पण भरपूर पाण्यासोबतच, आणि खाली गोळा अडकलेला असताना घ्यायचाच नाही. दुसरा प्रकार आतड्यात पाणी ओढून मळ मऊ करणारा. मला दिलेली 'पॉलिइथिलीन ग्लायकॉल'ची पावडर त्यातली, पेलाभर पाण्यात ढवळून प्यायची. 'लॅक्ट्युलोज' हे गोडसर पातळ औषधही त्यातलंच, त्याने काहींना वारा फार होतो. ही औषधं कामाला लागायला एक-दोन दिवस घेतात, म्हणून पहिल्याच दिवशी उतावीळ होऊन दुप्पट घ्यायची नाहीत. तिसरा प्रकार आतड्याला ढोसून हलवणारा, 'स्टिम्युलंट'. सोनामुखी असलेली चूर्णं यातली. रात्री घेतलं की सकाळी होतं, म्हणून लोकांना हीच आवडतात. थोडे दिवस घ्यायला हरकत नाही, पण डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षं घेत राहणं बरं नाही. आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मॅग्नेशियम असलेलं औषध मनाने घेऊ नये.

"आमची आई उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हाला ओळीने बसवून एरंडेल पाजायची," मी म्हटलं.

"मग?"

"मग दिवसभर ओळ लागायची."

त्या मनापासून हसल्या. नंतर गंभीरपणे म्हणाल्या, शौचातून रक्त दिसलं, वजन आपोआप उतरलं, किंवा पोट फुगून उलट्या झाल्या आणि वाराही सरेना, तर घरगुती उपाय न करता लगेच यायचं. माझं रक्त आणि थायरॉइड तपासलं, ठीक निघालं. दुखण्याची गोळी बदलून साधी पॅरासिटामॉल दिली, लोहाची गोळी एक दिवसाआड केली. महिन्याभरात गाडी रुळावर आली नाही तर दुर्बिणीने आतडं पाहू, असं ठरलं. तशी वेळ पुढे आली नाही.

घरी आले. संडासात पाऊल टाकलं आणि थबकले. कमोडच्या उजव्या बाजूला नवा कोरा जेट स्प्रे लावलेला. भिंतीत धरायला लोखंडी पाइप बसवलेला, गिरणीतल्या कामासारखा पक्का. कमोडवर माझे पाय लोंबकळायचे, तिथे पाय ठेवायला लाकडी पाट. गुडघे वर आले की मळाची वाट सरळ होते, असं डॉक्टरीणबाईंनी संगीताला सांगितलं होतं. आता स्प्रे उजव्या हातात धरायचा, हात कशालाही लावायचा नाही. एवढी साधी गोष्ट, आणि तिच्यापायी मी दगड होऊन बसले होते.

बाहेर आले तर दाराजवळची खुर्ची गायब. व्याही ओट्यावर बसलेले. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "इहीनबाई, खुर्ची मी भाईर आनली. तुमी बिनधास्त जात जा."

मला अवघडल्यासारखं झालं. "भाऊ, माह्यापायी तुमची बसायची जागा काऊन हलवली?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "जागा कायची जी! मीबी तिथीसा वाटच पाहत बसून राहो. कइ कळ येईन त्याचा नेम नाई, म्हनून दाराजवळ. लय वर्सं झाले, चूर्ण घेतल्याशिवाय होतच नाई मले. तुमी खोलीत दिसल्या का मले जायची लाज वाटे."

"अन् तुमी दिसले का मले!"

आम्ही दोघं असे हसलो की संगीता स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. "बाप्पा! म्हंजे दोघंबी एकमेकाले लाजून राह्यले होते?" पुढच्या आठवड्यात मी तपासणीला गेले तेव्हा व्याहीही सोबत आले आणि आपलं चूर्णाचं पाकीट त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. चार दिवस बरं वाटलं म्हणून मी पावडर आपल्या मनाने बंद केली, तर पुन्हा खडा. डॉक्टरीणबाई मला रागावल्या. गोळ्याने इतका ताणलेला आतड्याचा भाग पुन्हा आकसायला वेळ लागतो, औषध हळूहळू कमी करायचं, झटक्यात नाही. मग मी शिस्तीत आले. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, नाश्ता झाला की कळ येवो न येवो थोडा वेळ पाटावर पाय ठेवून बसायचं, कुंथायचं नाही. खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, त्या वेळेचा फायदा घ्यायचा. दुपारी ज्वारीची भाकर, पालेभाजी, पेरू. संध्याकाळी गल्लीत चक्कर. लुगडं खराब होणं आधी कमी झालं, मग थांबलं. ज्या सकाळी रोजच्यासारखं, बांधून, सहज झालं त्या सकाळी मी संगीताला हाक मारून सांगितलं. तिने मला मिठी मारली. परीक्षेत पहिली आल्यासारखी मी दिवसभर मिरवत होते.

प्लास्टर निघालं आणि महिनाअखेर आली. प्रशांत गाडी घेऊन आला, मला पुण्याला न्यायला. चहा झाला. तो म्हणाला, "आई, तुझी बॅग भरली का?"

मी त्याला समोर बसवलं. व्याही तिथेच होते, जावई होता, संगीता होती. पूर्वी असतं तर मी नजरेने सगळ्यांना बाहेर पाठवलं असतं. या वेळी नाही पाठवलं. मी सगळं सांगितलं. डावा हात, उजवा हात, दाबलेली कळ, वाळलेला गोळा, त्याच्या बाजूने झिरपणारं पातळ. संडास हा शब्द मी माझ्या मुलासमोर त्या दिवशी जितक्या वेळा उच्चारला तितक्या वेळा आयुष्यात उच्चारला नव्हता.

"ते म्हातारपण नव्हतं, प्रशांत," मी म्हटलं. "ते अडलेलं पोट होतं. औषधानं सुटलं. मी माझ्या घरी राहू शकते आणि मला तिथंच राहायचं आहे. तुझ्याकडं मी पाहुणी म्हणून येईन, दिवाळीला, आणि परत जाईन."

त्याने माझं मनगट हातात घेतलं. मग म्हणाला, "मला वाटलं, तू आता आमच्या हातून सुटत चाललीस. मी घाबरलो होतो गं. तू 'बरं' म्हणालीस, मला वाटलं तुलाही तेच पाहिजे."

माझा मुलगा मला घराबाहेर काढत नव्हता, तो घाबरला होता. हे मला तेव्हा कळलं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, डावा हात, प्लास्टर निघून पांढरा पडलेला.

त्याने खिशातून फोन काढला आणि आमच्या सगळ्यांसमोर उंद्रीच्या त्या गुरुजींना लावला.

"सर, जयभीम. माफ करा, घर नाही देता येणार," तो म्हणाला. "रिकामं नाही ते. माझी आई राहते तिथं."

मी रडले. या वेळी तोंड भिंतीकडे केलं नाही.